संकटातली साखर



आपला जिल्हा साखरेचा. उसाच्या मोळीची पोतेभर साखर कशी होते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु २०२० व २०२१ साली एका निराळ्याच साखरेने आपल्याला गाठले. कोरोनाने अत्यवस्थ झालेला माणूस इस्पितळात जाई, मधुमेह त्याला कधी सांगितलेला नसे, आणि दोन-चार दिवसांत डॉक्टर म्हणत, "रक्तातली साखर तीनशेवर गेली, इन्शुलिन द्यावे लागेल." नातेवाईक चमकत. 'सलाइनमधून साखर भरली', 'इन्शुलिन एकदा टोचले की जन्माचे मागे लागते', असे बोल उठत. मी डॉक्टर नाही. कामगारांच्या आजारपणाच्या रजा आणि बिले यांमागे धावताना जे वाचून, विचारून समजून घेतले, तेच मांडतो.

प्रथम हिशेब पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे शंभर मिलिग्रॅम साखर धरली, तर साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम झाली. म्हणजे चहाचा एक चमचा! तीनशे म्हणजे तीन चमचे. एवढ्याशा मापावर देहाचा तोल उभा आहे.

मग हे जादा चमचे येतात कोठून? दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे खुली केली, ही कथा या गावाला सांगायला नको. आपल्या देहातही एक कोठार आहे. ते म्हणजे यकृत. विषाणूचा मोठा हल्ला झाला की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन यांसारखी संप्रेरके हुकूम सोडतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते, नवीही बनवते. हेतू चांगला, लढणाऱ्या अवयवांना शिधा मिळावा. पण दाहामुळे स्नायू इन्शुलिनची हाक नीट ऐकत नाहीत. धान्य रस्त्यावर आले आणि घरांची दारे बंद! साखर रक्तातच तुंबते. दुखण्याने आलेली ही साखर काही नवी नव्हे. रक्तस्रावाच्या धक्क्यात साखर चढते, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदले होते.

त्यात भर पडली स्टेरॉइडची. जून २०२० मध्ये इंग्लंडातील 'रिकव्हरी' चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन रोज सहा मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत दिल्यास कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर येतात. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र फायदा झाला नाही. हेच औषध साखर चढवते. तेव्हा ज्याला गरज आहे त्याने ते साखरेच्या भीतीने टाळू नये, आणि ज्याला गरज नाही त्याने शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेऊ नये.

तुंबलेल्या साखरेने संरक्षक पेशी सुस्तावतात. एरवी मातीत, कुजक्या पाल्यात राहणारी बुरशी अशा वेळी नाकातून गालाच्या हाडांत, डोळ्यांत शिरते. २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' म्हणून महाराष्ट्राने जी भोगली ती हीच. त्या २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा रोग नोंदणीयोग्य करण्यास सांगितले. कित्येकांचा जीव वाचला, पण डोळा किंवा जबडा गेला.

मग साखर पार खाली ओढावी काय? तसेही नाही. २००९ साली 'नाइस-शुगर' या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ८१ ते १०८ च्या दरम्यान साखर दाबून ठेवलेल्यांत मृत्यू अधिक निघाले. साखर एकाएकी उतरली तर मेंदूच उपाशी राहतो. म्हणून अतिदक्षता विभागात बहुतेकांची साखर १४० ते १८० मध्ये ठेवण्याचा प्रघात आहे आणि त्यासाठी बोटाला वारंवार सुई टोचतात. तो छळ नव्हे, तो पहारा आहे.

इन्शुलिन जन्माचे लागते काय? आजार ओसरला, स्टेरॉइड थांबले की अनेकांची साखर पूर्ववत होते. काहींना मात्र मधुमेह आधीपासूनच असतो, फक्त तपासलेला नसतो. एचबीए-वन-सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिने हा उलगडा होतो. घरी आल्यावरही तपासणी चुकवू नये.

आता माझ्या धंद्याचे बोलतो. रोजंदारीवरचा माणूस दुखणे अंगावर काढतो, कारण तपासणीला गेला तर रोज बुडतो. त्याच्या आत वाढणारा मधुमेह मग साथीच्या दिवशीच उघडा पडतो, तोही अतिदक्षता विभागाच्या खाटेवर. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासण्याचा कार्यक्रम सरकारी आरोग्यकेंद्रांत आहे. तो उपकार नाही, आपला हक्क आहे. युनियनने तपासणीच्या दिवसाचा रोज मालकाकडे मागावा आणि तुम्ही-आम्ही रांगेत उभे राहावे. कोठारावर पहारा दुष्काळ पडल्यावर बसवायचा नसतो. तो सुगीतच बसवायचा असतो.