डाग ओळखणारा प्रकाश

पन्नाशी उलटलेल्या आणि वर्षानुवर्षे उन्हात वावरलेल्या एखाद्या गोऱ्या युरोपीय बाईने मान जरा वर केली की सूर्याची करामत दिसते. मानेच्या दोन्ही बाजू आणि गळ्याखालचा भाग तांबूस-तपकिरी, जाळीदार झालेला असतो. मात्र हनुवटीच्या बरोबर खालचा तुकडा जवळजवळ कोरा असतो. तिथली कातडी काही वेगळी नसते, तिथे हनुवटीची सावली पडत राहिली एवढाच फरक. आशिल सिव्हात या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १९२३ साली या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो ‘पॉइकिलोडर्मा ऑफ सिव्हात’ या नावानेच ओळखला जातो. ऊन हे त्याचे मुख्य कारण. अत्तरे आणि सेंटमधली काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्यात भर घालत असावीत, असाही संशय घेतला जातो.

या चट्ट्यांत तीन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. तपकिरी रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याचा. लाली कायमच्या फुगून राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची. आणि दोन्हींच्या मधली फिकट जाळी पातळ झालेल्या त्वचेची. जिवाला यातून धोका नसतो, पण मलमांनी फारसे साधतही नाही, कारण फुगलेल्या रक्तवाहिन्या मलमाने मिटत नाहीत. सुरी तर चालवायचीच नाही. मग आत शिरून नेमके नको तेवढेच नष्ट करणार कोण? उत्तर चक्रावणारे आहे. ज्या प्रकाशाने हे घडवले, तोच.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवून दाखवला. सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्याचा त्वचेवर काय परिणाम होतो हे तपासायला घेतले. त्यानंतर आलेला निळ्या-हिरव्या प्रकाशाचा अरगॉन लेझर लाल जन्मखुणांवर वापरला जाऊ लागला. खुणा फिकट होत, पण अनेकदा मागे व्रण राहत. प्रकाश रक्ताला तापवत होता हे खरे, पण ती उष्णता आसपासच्या निरोगी त्वचेतही झिरपत होती.

हे कोडे १९८३ साली सुटले. बोस्टनमधले रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. आजची त्वचेवरची बहुतेक लेझर-चिकित्सा त्याच निबंधावर उभी आहे. त्यांनी मांडलेल्या दोन अटी वाचायला साध्या आहेत.

पहिली अट रंगाची. रक्तातले ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन साधारण ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश अधाशासारखा शोषते. त्वचेतले पाणी त्याच प्रकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही. मेलॅनिनची भूक अधिक सरसकट असते. ते अतिनील किरणांपासून अवरक्तापर्यंत सगळेच शोषते, फक्त तरंगलांबी वाढत जाते तसतसे कमी. म्हणजे योग्य रंगाचा प्रकाश सोडला, तर तो सगळ्या त्वचेवर पडूनही ठरावीक ठिकाणच तापवतो. नेम धरावा लागत नाही. लक्ष्यच प्रकाशाला खेचून घेते.

दुसरी अट वेळेची, आणि खरी प्रतिभा तिथे आहे. कढईतून काढलेली मोहरी ताटात पडेपर्यंत निवते, पण बटाटावडा पाच मिनिटांनंतरही तोंड पोळतो. त्वचेच्या आतही तसेच आहे. वस्तूचा आकार दहापट झाला की तिला निवायला सुमारे शंभरपट वेळ लागतो. मेलॅनिनची कुपी, म्हणजे मेलॅनोसोम, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. ती सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या आतबाहेर निवते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीच्या रक्तवाहिनीला त्यासाठी काही मिलिसेकंद लागतात. लक्ष्य निवायला जेवढा वेळ घेते, त्याच्या आत सगळी ऊर्जा ओतून प्रकाश थांबवायचा, म्हणजे उष्णतेला शेजाऱ्यापर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. अरगॉन लेझरचे चुकत होते ते इथेच. त्याचा प्रकाश थांबत नव्हता.

हे कालखंड किती चिमुकले आहेत ते पाहायला प्रकाशाचीच फूटपट्टी घेऊ. मेलॅनिन फोडणाऱ्या लेझरची एक झळक दहा नॅनोसेकंदांची असली, तर तेवढ्या वेळात प्रकाश फक्त तीन मीटर जातो. म्हणजे ती झळक एका खोलीत मावेल एवढ्या लांबीची. रक्तवाहिनीसाठीची दहा मिलिसेकंदांची झळक तीन हजार किलोमीटर लांब, म्हणजे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी! या दोन लांबींत जे अंतर आहे, तेच मेलॅनिनच्या कणाच्या आणि रक्तवाहिनीच्या आकारातल्या फरकातून आले आहे.

आणि एवढ्यासाठी ऊर्जा किती लागते? मानेवरच्या लालीसाठी पल्स्ड डाय लेझर ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो, चौरस सेंटिमीटरला साधारण पाच-सहा ज्यूल. चमचाभर पाणी एक अंशानेही तापणार नाही इतकी ती कमी. पण तीच ऊर्जा काही मिलिसेकंदांत फक्त रक्तवाहिन्यांमध्ये एकवटली, की त्यांच्या भिंतीतली प्रथिने भाजून निघतात आणि वाहिनी बंद पडते. पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचा निकाल लावते. मेलॅनोसोमचे मरण आणखी नाट्यमय असते. नॅनोसेकंदांत तापल्यामुळे तो अक्षरशः फुटतो. त्याचे काही तुकडे भक्षक पेशी उचलून नेतात, उरलेले वरच्या थरासोबत खपलीच्या रूपाने गळून पडतात.

मानेवरच्या या विकारात तपकिरी आणि लाल दोन्ही एकत्र असल्याने बरेचदा आयपीएल वापरतात. तो लेझर नव्हे. झेनॉन दिव्याचा तो प्रखर लखलखाट असतो, ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचे अनेक रंग एकत्र असलेला. पुढे फिल्टर लावून नको असलेल्या कमी तरंगलांबी गाळल्या जातात. एकाच झळकेत मेलॅनिनलाही चटका बसतो आणि रक्तालाही. त्वचेवर थंड जेल आणि टोकाला गार ठेवलेली काच असते, म्हणजे वरचा थर वाचतो. रुग्णाला मात्र रबरबँड चापट मारल्यासारखे वाटते. तपकिरी ठिपके आधी आणखी काळे होतात आणि आठवडाभरात कॉफीच्या चुऱ्यासारखे झडतात. एका बैठकीत काम होत नाही. महिनाभराच्या अंतराने काही बैठका लागतात.

मान ही मात्र अवघड जागा. जखम भरून काढणाऱ्या पेशींचा मोठा साठा केसांच्या मुळांपाशी असतो, आणि मानेवर चेहऱ्याच्या मानाने ही मुळे फार विरळ. म्हणून गालाला सोसते तेवढी ऊर्जा मानेला दिली तर व्रण पडू शकतो. शिवाय आयपीएलचे टोक चौकोनी असते. झळका एकमेकींना नीट भिडल्या नाहीत तर मानेवर पट्टे उमटतात, मधला राहून गेलेला भाग जुन्याच रंगात. फ्रॅक्शनल लेझर ही २००४ साली पुढे आलेली पद्धत इथे आणखी एक वाट देते. तो सगळ्या त्वचेऐवजी केसाएवढ्या जाडीचे असंख्य सूक्ष्म स्तंभ तापवतो आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो. तीच शाबूत त्वचा मग दुरुस्तीला धावते.

आता आपल्याकडचा प्रश्न. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मेलॅनिन डागातच नसते, वरच्या थरात सगळीकडे असते. प्रकाशाला डाग आणि निरोगी त्वचा यांतला फरकच कळेनासा होतो. रक्तवाहिनीसाठी सोडलेली ऊर्जा वाटेतच अडते, वरची त्वचा भाजते, आणि भाजलेली सावळी त्वचा चिडून आणखी काळी पडते. डाग घालवायला गेलेला माणूस मोठा डाग घेऊन परततो तो असा. मेलॅनिनला कमी छेडणारा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर अशा त्वचेसाठी त्यातल्या त्यात सुरक्षित, तोही बेताने आणि जाणत्या हाताने.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याकडे मान काळवंडण्याची कारणे बरेचदा निराळीच असतात. मानेच्या मागची मखमली, जाडसर काळी घडी वाढलेल्या वजनाची आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची खूण असू शकते. तिथे आधी रक्तातली साखर तपासायची. खोट्या दागिन्यांतल्या निकेलची किंवा सेंटची ॲलर्जीही तसाच काळा पट्टा सोडून जाते. अशा वेळी दागिना काढून ठेवणे हा पहिला उपचार. कारण तसेच राहिले तर डाग पुसून उपयोग नाही.

ऊनच कारणीभूत असले, तरी लेझर फक्त झालेले नुकसान कमी करतो. रंग बनवणाऱ्या पेशी जागच्या जागी असतात आणि पुन्हा ऊन लागले की कामाला लागतात. चेहऱ्याला सनस्क्रीन लावणारा आपला हात बहुधा जबड्यापाशी थांबतो. तो मानेच्या दोन्ही बाजूंवरून गळ्याखालपर्यंत जायला हवा, उपचाराआधी, उपचारानंतर आणि उपचार करायची वेळच येऊ नये म्हणूनही.