स्टेपनी गाडीखाली अडकली? खाली शिरण्याआधी हे वाचा

टोमॅटो, कांदा भरून पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या मार्केटला जाणाऱ्या पिकअप आपल्या भागात रोज पहाटे रस्त्यावर असतात. टायर पंक्चर झाला तरी स्टेपनी आहे म्हणून ड्रायव्हर निर्धास्त असतो. पण ती गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते आणि नेमकी गरजेच्या दिवशी खाली येत नाही. लिलाव हुकतो, माल उन्हात बसतो. त्याहून वाईट म्हणजे घाईघाईत माणूस जॅकवरच्या गाडीखाली शिरतो.

स्टेपनी अडकते का?

पिकअप, स्कॉर्पिओ, इनोव्हा, अर्टिगा अशा गाड्यांची स्टेपनी खालून असते. बहुतेक ठिकाणी ती साखळीला किंवा वायररोपला टांगलेली असते. खालच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, ती डिस्कच्या मधल्या भोकात अडकते. मागून हँडल घालून फिरवलं की साखळी सैल होते. काही गाड्यांत साधा नट-बोल्ट असतो. शेतातला चिखल, पावसाचं पाणी आणि धूळ सगळी तिथेच बसते. वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, मग गंज धरतो.

आधी गाडी सुरक्षित करा

गाडी रस्त्याच्या कडेला सपाट, कडक जागी घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. पार्किंग लाइट चालू ठेवा, मागे थोड्या अंतरावर त्रिकोण ठेवा. शक्यतो स्टेपनी आधी काढा आणि जॅक नंतर लावा. पंक्चरमुळे गाडी बसली असेल आणि जॅक लावावाच लागला, तर अंग गाडीखाली घालू नका. दोरीने किंवा आकड्याने स्टेपनी बाहेर ओढा.

नेमकं काय अडलंय ते बघा

१. हँडल फिरतच नाही: चिखल खरवडून काढा. गंज सोडवणारा स्प्रे मारा, तो नसेल तर थोडं डिझेल सोडा. १५-२० मिनिटं थांबा. मग हँडल आधी किंचित आवळायच्या बाजूला आणि मग सोडायच्या बाजूला, असं मागे-पुढे करा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलं की सुटतं. हँडलला लांब पाइप लावून जोर करू नका, आतले दाते तुटतात.

२. साखळी सैल झाली, पण टायर वरच चिकटलाय: हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. टायर कधीही धपकन पडतो. पिकअपचं चाक २०-२५ किलोच्या घरात असतं. हात किंवा डोकं खाली नेऊ नका. बाजूला उभं राहून लांब लाकडी दांड्याने टायरला ढोसा. नाही हललं तर साखळी पुन्हा पूर्ण आवळा आणि परत सोडा. त्या हिसक्याने गंज सुटतो.

३. टायर खाली आला, पट्टी भोकातून निघत नाही: साखळी आणखी सैल सोडा. पट्टी तिरकी करून हातोडीने हलके ठोके द्या.

४. हँडल नुसतंच गरगर फिरतं: आतले दाते गेलेत. जोर वाया घालवू नका, मेकॅनिक बोलवा.

गॅस कटर लावू नका

काहीच चाललं नाही तर साखळी किंवा बोल्ट कापावा लागतो. त्याआधी टायरखाली भक्कम आधार द्या आणि हॅक्सॉने कापा. गॅस कटर किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका. जवळच डिझेलची टाकी आणि पाइप असतात. शिवाय हवा भरलेल्या टायरच्या डिस्कला आच लागली तर टायर फुटतो, आणि असा टायर फुटून माणसं दगावतात.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर फोन करा. अपघात झाला असेल तर ११२.

वर्षातून दोनदा अर्धा तास द्या

एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीला स्टेपनी खाली घ्या. साखळी, पट्टी ब्रशने साफ करून ग्रीस लावा. हवा तपासा, कारण न वापरलेल्या टायरची हवाही कमी होते. हँडल, जॅक आणि पाना गाडीतच आहे का ते बघा. सेकंडहँड गाडी घेताना तर स्टेपनी उतरवून दाखवायला सांगाच.

परत बसवताना साखळी पूर्ण आवळा आणि टायर हाताने हलवून बघा. सैल टायर हेलकावे खातो, साखळी झिजते आणि एक दिवस चालत्या गाडीतून पडतो. आपल्याला ते कळतही नाही, पण मागून दुचाकीवर कुणाचं तरी घरचं माणूस येत असतं.