सायपनचे किमान वेतन आणि परदेशी कामगार

प्रशांत महासागरातील सायपन हे उत्तर मारियाना बेटांपैकी सर्वांत मोठे बेट. हा अमेरिकेचा प्रदेश. तरी 2007पर्यंत तेथे अमेरिकेचा किमान वेतन कायदा लागू नव्हता. परदेशी कामगार आणण्याचे नियमही स्थानिक सरकारच ठरवी. शिवाय माल अमेरिकेत जकातीविना जाई, म्हणून कपड्यांचे कारखाने तेथे आले. चीन, फिलिपिन्समधील अनेक कामगार दलालाचे कर्ज डोक्यावर घेऊन येत. कामाचा परवाना एकाच मालकाशी जखडलेला, त्यामुळे तक्रार करणे अवघड. 2005मध्ये कापड आयातीवर देशनिहाय मर्यादा घालणारा जागतिक कोटा संपला, त्यामुळे कारखाने स्वस्त देशांकडे वळले; 2009मध्ये शेवटचा बंद पडला. ताशी 3.05 डॉलरचे किमान वेतन 2007पासून टप्प्याटप्प्याने वाढून 2018मध्ये 7.25 डॉलर झाले. मात्र मालक बदलण्याची मोकळीक नसेल, तर वेतनाचा कायदा कामगाराला पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.