जम्पर, जागा आणि मराठी अक्षर

1992 साली आलेले विंडोज 3.1 हे डॉसच्या खांद्यावर बसणारे आवरण होते. त्यावर माऊस अडकला किंवा पडदा काळा पडला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कार्डाला बोल लावला जाई. पण बहुतेक वेळा कार्ड चांगले असे. भांडण जागेचे होते आणि जागावाटप करणारा कुणी नव्हता. कॉम 1 आणि कॉम 3 ही सीरियल पोर्टे आयआरक्यू 4 या, प्रोसेसरला हाक देणाऱ्या, एकाच लाइनवर असत. माऊस पहिल्यावर, मॉडेम तिसऱ्यावर असेल तर मॉडेम सुरू होताच माऊस थिजे. पेटी उघडून कार्डावरची जम्पर नावाची चिमुकली टोपी सरकवायची, मॉडेम कॉम 2 वर, म्हणजे आयआरक्यू 3 वर न्यायचा, की काम भागे.

मेमरीतले भांडण शोधणे याहून कठीण. 640 केबी ते 1 एमबी हा पट्टा व्हिडिओ, नेटवर्क अशा कार्डांसाठी राखलेला. त्यातला भाग रिकामा दिसला की विंडोज तो स्वतःसाठी वापरी आणि नेमके तिथेच एखादे कार्ड बसलेले असे. अशा वेळी डॉसवर ‘विन /डी:एक्स’ देऊन विंडोज सुरू करायचे. मग ते त्या पट्ट्याला हात लावत नसे. एवढ्याने बिघाड थांबला तर गुन्हेगार सापडला, सिस्टिम.आयएनआय या फाइलीत तेवढी जागा वगळायची. नाही थांबला तर ‘/डी:एफ’ देऊन 32 बिट डिस्क अ‍ॅक्सेस बंद करून पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मोडले की सगळी तपासणी फुकट जाई.

कार्डांना जागा आपोआप वाटून देणाऱ्या, विंडोज 95 च्या प्लग अँड प्लेनंतर हे सारे कालबाह्य झाले, असे कुणी म्हणेल. झालेच, पण कशामुळे? बायॉस, कार्डे आणि विंडोज यांनी एकच करार पाळला म्हणून. आपल्या लिपीची कथा हेच सांगते. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र कार्डाच्या रूपात पीसीच्या खाचेत बसे आणि डॉसच्या टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी दाखवी. लिपीसाठी वेगळे कार्ड हा मार्गच चुकला, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. तेव्हाच्या प्रोसेसरला आणि 640 केबीला जोडाक्षरांचा भार जड होता. कार्डाने तो उचलला आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मराठी चालू लागली. विंडोज मात्र अक्षरे स्वतः चित्ररूपात काढी. तिथे टेक्स्ट मोडवर बेतलेल्या कार्डाला वाव उरला नाही. पुढे फॉन्टवर आधारलेली मराठी आली आणि भांडण कार्डातून फाइलीत शिरले: डीव्ही-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. सुटका केली ती सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडने. त्याचा देवनागरी विभाग 1988 च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावर बेतलेला आहे आणि विंडोज 2000 पासून तो मराठीसाठी थेट वापरता येऊ लागला.

तरी जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत. कॉटन ग्रीनच्या एखाद्या गोदामाच्या कचेरीत, गिरगावातल्या वाचनालयात किंवा लालबागच्या मंडळाच्या कपाटात असा जुना पीसी पडून असेल तर तो भंगारात देण्याआधी डिस्कवरच्या फाइली आणि त्यांचे फॉन्ट दोन्ही उतरवून घ्या, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणा.