निवृत्तीचे वय आणि कायद्याची तारीख

हैदराबादहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, मुसी नदी ओलांडून मलकपेठ मागे टाकले की दिलसुखनगर लागते. या उपनगरात व लगतच्या चैतन्यपुरी, सरूरनगर, कोत्तपेट या वस्त्यांत दोन प्रकारची माणसे विशेषेकरून दृष्टीस पडतात. एक, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, महामंडळांत उमेदीची वर्षे घालवून येथे लहानसे घर बांधून राहिलेले निवृत्त कर्मचारी; आणि दुसरे, तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतून येऊन वसतिगृहांत राहणारे व स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांना जाणारे तरुण. पहिल्याचे आयुष्य ज्या कायद्याने बांधलेले असते त्याच कायद्यावर दुसऱ्याचे डोळे लागलेले असतात. तो कायदा म्हणजे सेवानिवृत्तीचे वय ठरविणारा कायदा.

निवृत्तीचे वय हा वरवर पाहता एका आकड्याचा प्रश्न आहे. परंतु तो आकडा किती आहे याइतकेच तो कोणत्या दिवसापासून अमलात आला, यालाही महत्त्व आहे; कित्येकदा अधिकच. आंध्र प्रदेशात 1983 ते 1985 या काळात जे घडले त्यावरून ही गोष्ट जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या उदाहरणावरून होईल. त्या वेळी दिलसुखनगर आंध्र प्रदेशाच्या राजधानीचाच भाग होता.

मराठी वाचकास हा इतिहास अगदीच परका नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि तेथील सरकारी नोकर निवृत्त झाला म्हणजे तो 'वजीफ्यावर गेला' असे म्हणत. हैदराबादेत आजही निवृत्तिवेतनास वजीफा म्हणणारी माणसे भेटतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य विभागले गेले तेव्हा हैदराबाद सरकारचे नोकर तीन राज्यांत वाटले गेले. वाटपापूर्वीच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या तोट्याच्या रीतीने बदलू नयेत, अशी तरतूद राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम 115 मध्ये मुद्दाम करावी लागली. नोकर तोच, खुर्ची तीच, पण सरकार बदलले की निवृत्तीचा हिशेब बदलू शकतो, ही धास्ती तेव्हापासूनची आहे.

अठ्ठावन्नवरून पंचावन्न

आंध्र प्रदेशात निवृत्तीचे वय पूर्वी 55 होते. 1979 मध्ये ते 58 करण्यात आले. जानेवारी 1983 मध्ये एन. टी. रामाराव यांचे सरकार अधिकारावर आले आणि महिन्याभरातच, 8 फेब्रुवारी 1983 रोजी, निवृत्तीचे वय पुन्हा 55 वर आणणारा आदेश निघाला. ज्यांनी पंचावन्न वर्षे पूर्वीच पूर्ण केली होती त्या सर्वांनी 28 फेब्रुवारी रोजी सेवेतून मुक्त व्हावे, असे ठरले. आदेशापाठोपाठ अध्यादेश आला आणि पुढे त्याचा कायदा झाला. सुमारे 18,000 सरकारी कर्मचारी व सार्वजनिक उपक्रमांतील सुमारे 10,000 कर्मचारी या निर्णयामुळे घरी बसले. वीस दिवसांची पूर्वसूचना! मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराच्या कर्जाचे हप्ते हे सारे 58 हा आकडा धरून आखलेले असते. त्यात तीन वर्षांची तूट वीस दिवसांत कशी भरून काढावी?

ही तूट पगारापुरतीच नसते. ज्या सूत्रात पूर्ण निवृत्तिवेतनासाठी 33 वर्षांची अर्हताकारी सेवा धरली जाते, त्यात तीस वर्षे नोकरी झालेल्या माणसास अखेरच्या वेतनाच्या निम्मे मिळत नाही, तर निम्म्याच्या तेहतीस भागांपैकी तीसच भाग मिळतात. म्हणजे शंभर रुपयांमागे पन्नासऐवजी सुमारे साडेपंचेचाळीस. ही घट त्याच्या हयातीपुरती कायम राहते. शेवटच्या तीन वर्षांत मिळू शकणाऱ्या वेतनवाढी व बढती बुडतात त्या वेगळ्याच.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. शिकलेल्या तरुणांची बेकारी मोठी होती आणि जागा रिकाम्या झाल्या तर त्यांना काम मिळेल, हा विचार निर्णयामागे होता. पण येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. निवृत्तीचे वय तीन वर्षांनी खाली आणले की तीन वर्षांच्या निवृत्त्या एकदम होतात. म्हणून जागा पुष्कळ निघतात. परंतु हे एकदाच घडते. त्यानंतर दरसाल एकाच वयाची एकच तुकडी बाहेर पडते आणि रिकाम्या होणाऱ्या जागा जवळपास पूर्वीइतक्याच होतात. उलट तीन तुकड्यांचे उपदान आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण यांचा बोजा मात्र सरकारी तिजोरीवर एकाच वर्षी पडतो. वय वाढविले तर हेच चक्र उलटे फिरते: तीन वर्षे जागा निघत नाहीत आणि निवृत्तांचे देणे तितके दिवस पुढे ढकलले जाते. वय कमी करून बेकारी हटते किंवा वय वाढवून पैसा वाचतो, या दोन्ही समजुती म्हणूनच अर्ध्या खऱ्या आहेत.

न्यायालयात

कर्मचारी सर्वोच्च न्यायालयात गेले. के. नागराज विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. निर्णय घाईने, पुरेशी माहिती गोळा न करता घेतला गेला, आयुर्मान वाढत असताना वय घटविणे अविवेकाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल 18 जानेवारी 1985 रोजी लागला. तो सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. निवृत्तीचे वय ठरविणे हा शासनाच्या धोरणाचा विषय आहे, पंचावन्न हे वय मनमानी म्हणता येणार नाही, आणि कायदे करणाऱ्या सभागृहावर दुष्ट हेतूचा आरोप करून कायदा रद्द करून घेता येणार नाही, असा त्याचा आशय होता. याचिका फेटाळल्या गेल्या.

निकाल लागण्यापूर्वीच मात्र राज्यात चक्र फिरले होते. 16 ऑगस्ट 1984 रोजी रामाराव यांचे सरकार बडतर्फ होऊन नादेंडला भास्करराव मुख्यमंत्री झाले. महिनाभराच्या त्या सरकारने 23 ऑगस्ट रोजी अध्यादेश काढून वय पुन्हा 58 केले. सप्टेंबरात रामाराव परत अधिकारावर आले. त्यांनीही 58 हेच वय कायम ठेवले आणि अध्यादेशाची जागा कायद्याने घेतली. पण या कायद्याचा लाभ आधीच निवृत्त झालेल्यांना दिला गेला नाही. 28 फेब्रुवारी 1983 ते 23 ऑगस्ट 1984 या अठरा महिन्यांच्या फटीत जे सापडले ते तेवढे बाहेरच राहिले.

याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून हिशेबापुरती तीन माणसे कल्पू. पहिल्याचा जन्म जुलै 1926 चा. तो 28 फेब्रुवारी 1983 रोजी छपन्न वर्षांचा असताना घरी गेला. दुसऱ्याचा जन्म मार्च 1929 चा. त्याची पंचावन्न वर्षे मार्च 1984 मध्ये भरली आणि तोही गेला. तिसऱ्याचा जन्म सप्टेंबर 1929 चा. त्याची पंचावन्न वर्षे भरण्यापूर्वीच अध्यादेश निघाला होता; तो अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत निर्वेध नोकरीत राहिला. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अंतर सहा महिन्यांचे. कदाचित दोघे एकाच कचेरीत, शेजारच्या टेबलांवर काम करीत असतील. एकाची तीन वर्षे गेली, दुसऱ्याचा एक दिवसही गेला नाही. आणि दोघांच्या कामात अथवा योग्यतेत कसलाही फरक नाही.

हा प्रश्न बी. प्रभाकर राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या दुसऱ्या खटल्यात 1985 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी दिलेला निकाल अधिक खोलवर जाणारा आहे. वय कमी करणे ही चूक होती असे मानून जर शासन ती दुरुस्त करीत असेल, तर त्या चुकीचा प्रत्यक्ष फटका ज्यांना बसला त्यांनाच दुरुस्तीतून वगळणे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरते, असे न्यायालयाने धरले. यापूर्वी 17 डिसेंबर 1982 रोजी डी. एस. नाकारा खटल्यात, निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे आणि निव्वळ एका तारखेच्या आधारे निवृत्तांचे दोन वर्ग पाडता येत नाहीत, असा निर्णय पाच न्यायाधीशांनी दिला होता. त्या पाचांत चंद्रचूड, तुळजापूरकर आणि स्वतः चिन्नप्पा रेड्डी हेही होते. तोच विचार येथे पुढे नेण्यात आला.

निकालाने दिलेला उपायही व्यवहार्य होता. जे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करणार नव्हते त्यांना कामावर परत घ्यावयाचे होते. ज्यांचे ते वय तोपर्यंत उलटून जाणार होते त्यांना, अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत राहिले असते तर जे वेतन मिळाले असते तितकी भरपाई, मधल्या काळात मिळालेले निवृत्तिवेतन वजा करून, द्यावयाची होती. वरील उदाहरणातील दुसरा माणूस म्हणजे आपल्या टेबलावर परतला असता. पहिल्यास पैसे मिळाले असते, नोकरी नाही.

हा निकाल सरसकट सर्वत्र लागू होतो असे मात्र समजू नये. एखादे राज्य नव्याने निवृत्तीचे वय वाढविते तेव्हा तो लाभ सामान्यतः पुढील काळासाठीच असतो; आदल्या महिन्यात निवृत्त झालेल्यास त्यावर हक्क सांगता येत नाही. आंध्र प्रदेशाचे प्रकरण निराळे ठरले, कारण तेथे आधी काढून घेतलेलेच परत दिले जात होते. अनेक निवृत्त कर्मचारी व त्यांच्या संघटना या भेदाकडे दुर्लक्ष करून अर्जविनंत्यांत वर्षे घालवितात.

एकाच गल्लीत दोन वये

2 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशाचे विभाजन होऊन तेलंगणा अस्तित्वात आले, आणि 1956 ची आठवण जागी झाली. आंध्र प्रदेशाने त्याच वर्षी आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 60 केले. तेलंगणात ते 58 च राहिले. हैदराबाद ही काही काळ दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी असल्याने दोन्ही सरकारांचे नोकर याच शहरात राहत होते. दिलसुखनगरच्या एकाच गल्लीत, एकाच वर्षी नोकरीस लागलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक साठाव्या वर्षापर्यंत नोकरी करणार आणि दुसरा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसणार, अशी स्थिती उत्पन्न झाली. कोण कोणत्या राज्याकडे जाणार हे वाटपाने ठरत होते, आणि त्या वाटपाकडे माणसे केवढ्या उत्कंठेने पाहत होती याची कल्पना यावरून करता येईल.

राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या तेलंगणातील कर्मचाऱ्यांचे वय 2019 च्या दीर्घ संपानंतर 58 वरून 60 करण्यात आले. मार्च 2021 मध्ये तेलंगणा शासनाने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांचे व शिक्षकांचे वय 61 केले. आंध्र प्रदेशाने 2022 मध्ये ते 62 वर नेले. तेलंगणात मार्च 2021 नंतर तीन वर्षे वयोमानपरत्वे निवृत्त्या जवळपास थांबल्या. 2024 च्या मार्चअखेरपासून त्या पुन्हा सुरू झाल्या. या तीन वर्षांत ज्याचे वय परीक्षेला बसण्याच्या मर्यादेपलीकडे गेले, अशा शिकवणी वर्गातील तरुणाची गोष्ट कोणत्याही खटल्यात आलेली नाही. त्याचा तोटा मोजण्यास कायद्यात कलमही नाही.

महाराष्ट्रात

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 अन्वये हे वय सर्वसाधारणपणे 58, तर चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांसाठी 60 असे राहिले आहे. केंद्र सरकारच्या सेवेत ते 1998 पासून 60 आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची पद्धतच बदलून अंशदानाची झाली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नोकरीच्या प्रत्येक अधिक वर्षाचा अर्थ एका वर्षाचे अधिक अंशदान असाही होतो.

नियमातील एक बारकावा मात्र खेड्यातील शिक्षकास जवळचा वाटेल. कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी तो निवृत्त होतो. परंतु ज्याचा जन्म महिन्याच्या 1 तारखेचा आहे तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीच निवृत्त होतो. शाळेत नाव घालताना वडिलांना जन्मतारीख सांगता येत नसे, तेव्हा गुरुजी अंदाजाने 1 जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातील एका पिढीच्या हजारो लोकांचा वाढदिवस म्हणूनच 1 जून आहे, आणि 31 मे रोजी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची गर्दी उसळते. सेवापुस्तकात अशी नोंद चुकीची असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अर्ज सेवेत प्रवेश केल्यापासून पाच वर्षांच्या आत, पुराव्यासह करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर काढलेला जन्माचा दाखला बहुधा उपयोगी पडत नाही.