खुर्चीच्या नळीतले पाणी

दातांच्या दवाखान्यातील जंतुसंसर्गाचा विचार बहुधा सुया, हातमोजे आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र, यांच्यापाशीच थांबतो. दात कोरताना तो तापू नये म्हणून फवारल्या जाणाऱ्या पाण्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. हे पाणी अतिशय अरुंद प्लास्टिकच्या नळ्यांतून येते, आणि नळी अरुंद असल्याने पाण्याच्या मानाने तिच्या आतील भिंतीचा पृष्ठभाग मोठा असतो, शिवाय रात्रभर पाणी तुंबून राहते. त्यामुळे तेथे जैवपटल, म्हणजे स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतलेल्या जिवाणूंचा थर, सहज तयार होते. मूळ पाणी पिण्यायोग्य असले तरी हे टळत नाही.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील एका बालदंत चिकित्सालयात पल्पोटॉमीनंतर, म्हणजे किडलेल्या दुधाच्या दातातील मगजाचा वरचा भाग काढण्याच्या उपचारानंतर, अनेक मुलांना मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या चिवट जिवाणूचा संसर्ग झाला आणि त्याचा माग याच पाण्यापर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मते अशा पाण्यात दर मिलिलिटरला ५०० हून अधिक जिवाणू-वसाहती नसाव्यात. त्यासाठी दोन रुग्णांच्या मध्ये नळीतून पाणी सोडणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, कारण नुसत्या प्रवाहाने जैवपटल सुटत नाही. नळ्यांवर रसायनाची प्रक्रिया आणि पाण्याची नियमित तपासणी करावीच लागते. हाड उघडे पडणाऱ्या शस्त्रक्रियेत तर या नळ्या पूर्णपणे वगळून निर्जंतुक सलाइन स्वतंत्र, निर्जंतुक साधनानेच द्यावे लागते.