ज्याचं नाव घ्यायचं नाही

नांदेड जिल्ह्यातलं हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा, परमेश्वराच्या देवळाचं गाव. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे विदर्भ. आदिलाबादच्या गाडीत बसलं की थोड्या वेळात तेलंगण. गावात मराठी बोलतात, उर्दू बोलतात, तेलुगू कानावर पडते, तांड्यांवर गोरमाटी. पावसाळ्यात सोयाबीनच्या नाहीतर कापसाच्या रानात साप निघाला, तर इथलं जुनं माणूस ‘साप’ म्हणेलच असं नाही. ते ‘जनावर’ म्हणेल किंवा ‘लांबडं’. दिवेलागण झाल्यावर तर नावच घ्यायचं नाही. घेतलं तर तो येतो, अशी समजूत.

ही समजूत भाबडी म्हणून सोडून द्यावी, तर संस्कृत आडवं येतं. अमरकोशात सापाची नावं ओळीनं दिली आहेत. त्यांचे अर्थ लावत गेलं की ध्यानात येतं, यातली बहुतेक नावं नाहीतच, ती टोपणनावं आहेत. उरग म्हणजे छातीनं चालणारा. भुजंग म्हणजे वाकडातिकडा जाणारा. गूढपाद म्हणजे पाय लपवलेला, बिलेशय म्हणजे बिळात निजणारा, पवनाशन म्हणजे वारा पिऊन जगणारा. चक्षुःश्रवा म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा, कारण सापाला कानाचं भोक दिसत नाही. आणि याच रांगेत एक नाव आहे दीर्घपृष्ठ, म्हणजे लांब पाठीचा. वाढोण्याचा शेतकरी ज्याला लांबडं म्हणतो, त्याला अमरकोशकार अमरसिंहानंही लांबडंच म्हटलं होतं.

भीतीपोटी खरं नाव टाळायचं आणि आडून बोलायचं, ही खोड जगभरची. रशियात अस्वलाला ‘मेदवेद’ म्हणतात, म्हणजे मध खाणारा. त्याचं मूळ नाव तिथल्या लोकांनी इतकं टाळलं की ते भाषेतूनच गेलं. तमिळमध्ये फणा काढणाऱ्या नागाला ‘नल्ल पांबु’ म्हणतात, म्हणजे चांगला साप. टोपणनाव काही पिढ्या वापरात राहिलं की तेच नाव होऊन बसतं. मग त्याचीही भीती वाटू लागते आणि नवं टोपणनाव शोधावं लागतं. सापाची नावं अशी वाढत गेली.

आपण ज्याला अगदी सरळ नाव समजतो, तो ‘सर्प’ शब्दही यातलाच. संस्कृतात सृप् म्हणजे सरकत जाणं. सर्प म्हणजे नुसता ‘सरकणारा’. हे टोपणनाव पडलं ते संस्कृत जन्मण्याच्याही आधी, आणि याचा पुरावा आपल्याकडे नाही, युरोपात आहे. लॅटिनमध्ये ‘सेर्पेरे’ म्हणजे सरपटणं आणि ‘सेर्पेन्स’ म्हणजे साप. ग्रीक भाषेत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ होतो. आपलं सप्त तिथं ‘हेप्टा’ होतं, तसं सरपटणं ‘हेर्पेइन’ आणि सरपटणारा प्राणी ‘हेर्पेतोन’. म्हणून सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचा अभ्यास करणारं शास्त्र हर्पेटॉलॉजी. यातला कोणताच शब्द संस्कृतातून उचललेला नाही. या सगळ्या भाषा सख्ख्या-चुलत बहिणी, एका हरवलेल्या आजीच्या. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं सांगितलं, ते अशाच जुळण्या पाहून.

या ‘हेर्पेइन’चा सर्वांत गमतीदार माग मराठी घरात सापडतो. कमरेला किंवा छातीला एका बाजूनं जळजळणाऱ्या फोडांचा पट्टा उठला की आजी म्हणते, नागीण झाली. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, हर्पिस झोस्टर. हा ‘हर्पिस’ त्याच ‘हेर्पेइन’मधून आलेला, म्हणजे सरपटत जाणारा, झोस्टर म्हणजे कमरपट्टा. अंगावर काहीतरी सरपटत चाललंय, हे ग्रीक वैद्यालाही दिसलं आणि मराठी आजीलाही, एकमेकांना न विचारता. खरं कारण कांजिण्यांच्या विषाणूत आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि वर्षांनंतर एखाद्या तंतूच्या वाटेनं कातडीवर उतरतो. तंतू डावा तो डावीकडे, उजवा तो उजवीकडे, म्हणून पट्टा सहसा शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, हे भय त्यामुळे निराधार ठरतं. उपचार मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालेला बरा.

संस्कृतातला सर्प प्राकृतात ‘सप्प’ झाला आणि मराठीत ‘साप’. हाच शब्द साधारण हजार वर्षांपूर्वी काही माणसांच्या तोंडी बसून भारताबाहेर पडला. इराण, आर्मेनिया करत ही माणसं युरोपात पोचली. त्यांना रोमा म्हणतात आणि त्यांच्या भाषेत सापाला आजही ‘साप’च म्हणतात. रोमानिया देशात ही मंडळी मोठ्या संख्येनं आहेत. तिथली राजभाषा लॅटिनची लेक, तिच्यात साप म्हणजे ‘शार्पे’. आदिम आजीच्या घरून निघालेल्या शब्दाची एक शाखा पश्चिमेला गेली, दुसरी भारतात आली, आणि कितीतरी हजार वर्षांनी दोघी एकाच गावच्या बाजारात शेजारी उभ्या राहिल्या. एकमेकींना ओळखणं मात्र शक्यच नव्हतं.

मग टोपणनावाखाली झाकलेलं जुनं नाव कोणतं? ते बहुधा ‘अहि’. ऋग्वेदात इंद्र ज्याला मारून अडलेलं पाणी मोकळं करतो तो वृत्र म्हणजे अहि. लॅटिनमधला ‘अंग्विस’, लिथुआनियन ‘अंगिस’ हे याचेच भाऊबंद. मराठीत मात्र अहि संपल्यात जमा आहे. जन्माचं हाडवैर सांगताना कुणी अहि-नकुल म्हणतो, म्हणजे साप आणि मुंगूस, तेवढाच त्याचा वावर.

पण हिमायतनगरातून तो पुरता गेलेला नाही. तो उर्दूच्या गल्लीत राहतो. संस्कृतातल्या कित्येक ‘ह’च्या जागी जुन्या इराणी भाषेत ‘झ’सारखा उच्चार येतो: आपला हस्त अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘झस्त’ आहे, तसा आपला अहि तिथं ‘अझि’. अवेस्तातला अझि दहाक हा तीन तोंडांचा, तीन डोक्यांचा, सहा डोळ्यांचा राक्षसी सर्प. पुढे फारसी कवी फिरदौसीनं 1010च्या सुमारास पूर्ण केलेल्या शाहनाम्यात तो जह्हाक नावाचा राजा झाला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर साप उगवतात आणि त्यांना रोज माणसांचे मेंदू खायला घालावे लागतात. फारसीत याच ‘अझि दहाक’पासून ‘अझदहा’ शब्द आला, प्रचंड सर्प या अर्थी. फारसीतून तो उर्दूत उतरला, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात उर्दूबरोबर नांदला. म्हणजे पैनगंगेच्या काठी अजगर निघाला, तर एका घरातून ‘अजगर’ ऐकू येईल आणि दुसऱ्यातून ‘अझदहा’. या दुसऱ्या शब्दाच्या पोटात, इराणला वळसा घालून परत आलेला वेदातला अहि आहे.

तिसऱ्या शब्दाची चाल वेगळी. ‘नाग’ला कुणी लपवलं नाही. त्याला देव केलं. ऋग्वेदात साप या अर्थी तो भेटत नाही, नंतरच्या ब्राह्मणग्रंथांत दिसू लागतो. पण एकदा आला तो मानानंच. नांदेडच्या शेजारी औंढ्याला नागनाथ, लातूर जिल्ह्यात वडवळला नागनाथ, श्रावणात नागपंचमी. विड्याचं पान नागवेलीचं, रस्ता नागमोडी. शेजारच्या तेलुगूत साप म्हणजे ‘पामु’, कन्नडात ‘हावु’. पण फणावाला असेल तर तेलुगूत ‘नागुपामु’ आणि कन्नडात ‘नागरहावु’. घरचा शब्द आहे तसा ठेवून या भाषांनी त्याच्यापुढे नाग बसवला.

आणि हाच शब्द जहाजात बसला. व्यापारी आणि बौद्ध भिक्खू यांच्याबरोबर तो आग्नेय आशियात उतरला. कंबोडियाच्या कथेत कौंडिण्य नावाचा भारतीय समुद्रावरून येतो आणि नागराजाच्या मुलीशी लग्न करतो. त्यांच्यापासून ख्मेर राजवंश. अंगकोरच्या पुलांचे दगडी कठडे म्हणजे लांबच लांब नाग. थायलंडमध्ये भिक्खू होऊ पाहणाऱ्या तरुणाला दीक्षेआधी ‘नाक’ म्हणतात, म्हणजे नागच. बुद्धाच्या काळी एक नाग माणसाचं रूप घेऊन संघात शिरला आणि झोपेत उघडा पडला, अशी कथा आहे. त्याला संघात राहता आलं नाही. म्हणून आजही दीक्षेच्या वेळी उमेदवाराला पालीत विचारतात, तू माणूस आहेस ना?

इंडोनेशियात पोचेपर्यंत नाग इतका वाढला की तिथं ‘नागा’ म्हणजे ड्रॅगन. महाराष्ट्रात अलीकडे ज्याची लागवड होते ते ड्रॅगन फ्रूट तिकडे ‘बुआ नागा’, म्हणजे नागफळ. चीनमध्ये तर बौद्ध ग्रंथ उतरवताना नागासाठी ‘लुंग’, म्हणजे ड्रॅगन, हाच शब्द योजला गेला. शून्यवादाचा आचार्य नागार्जुन चिनी भाषेत ‘लुंग-शू’ आहे. त्याच्या नावातला नाग तिथं ढगात उडतो.

पश्चिमेकडे नाग गेला तो विज्ञानाच्या वहीत. पोर्तुगीजांनी फणावाल्या सापाला ‘कोब्रा दी कापेलो’, म्हणजे टोपीवाला साप, म्हटलं. त्यातली टोपी गळाली आणि इंग्रजीत ‘कोब्रा’ उरला, ज्याचा पोर्तुगीज अर्थ फक्त साप. पण स्वीडनच्या लिनियसनं 1758 मध्ये या सापाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात नागाचंच लॅटिन रूप वापरलं: नाजा. दहा वर्षांनी लॉरेंटीनं नाजा ही स्वतंत्र प्रजातीच केली. आफ्रिकेतले कित्येक फणाधारी साप आज शास्त्रज्ञांच्या यादीत याच नावाखाली आहेत. आपल्याकडच्या नागाचं पूर्ण नाव ‘नाजा नाजा’. शास्त्रज्ञ त्याला दोनदा नाग म्हणतात.

हे नाव परत आपल्याकडे येतं ते प्रतिविषाच्या बाटलीवरून. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तातून हे औषध काढतात, आणि भारतात वापरलं जाणारं प्रतिविष एकाच वेळी चौघांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चावलेलं जनावर कोणतं हे रुग्णाला सांगता आलं नाही, तर डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. म्हणून साप मारून बरोबर नेण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ दवडू नये, चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. नाव घ्यायला जीभ धजली नाही तरी चालेल. चौघांचीही नावं बाटलीवर आधीच लिहिलेली असतात.